सर्दीची वही

हिंगण्याच्या पुढे पाच-सहा मैलांवरच्या एका गावात माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा मी बावीस वर्षांची होते. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आमचं घर नागपुरात, सदरमध्ये, अगदी रस्त्याला लागून. खिडकी उघडली की सायकलरिक्षांच्या घंट्या आणि समोरच्या बेकरीचा वास घरात यायचा. तिथून उठून मी नर्स म्हणून अशा गावात आले, जिथे उपकेंद्र म्हणजे कौलारू दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत टेबल, औषधांचं कपाट आणि आढ्याला टांगलेला, बाळांचं वजन करायचा काटा. मागच्या खोलीत मी, माझी ट्रंक आणि स्टोव्ह. पहिल्या आठवड्यात मी आईला तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडून टाकली, कारण तिन्हींत एकच मजकूर होता.

आमचे डॉक्टर मोठ्या गावच्या आरोग्य केंद्रात बसत आणि महिन्यातून दोनदा मोटारसायकलवरून आमच्याकडे येत. पन्नाशीचे होते, उंच, जरा वाकलेले. बोलताना चष्मा काढून हातात धरायची सवय. दुसऱ्याच भेटीत त्यांनी मला पिशवीतून एक जाड, कोरी वही काढून दिली.

"ही सरकारी नाही," ते म्हणाले. "माझी हौस समजा. गावात कोणाला सर्दी झाली की हिच्यात लिहायचं. कोणतं घर, घरात आधी कोणाला झाली, मग कोणाला, मध्ये किती दिवस गेले."

"सर्दी?" मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चुकलं. गावात हिवताप होता, खरूज होती, अडलेली बाळंतपणं होती.

"बाकी सगळ्याच्या वह्या आहेत हो. सर्दीची कोणी ठेवत नाही. दरवर्षी येते, घराघरांतून फिरते आणि निघून जाते. ती येते कुठून आणि जाते कुठे, हा प्रश्न मला कॉलेजात असल्यापासून पडलेला आहे."

नवी नोकरी आणि साहेबांची हौस. मी मान डोलावली. पण लिहायला सुरुवात केली आणि कळलं की हे काम सोपं नाही. एक तर बाया हसायच्या. "सर्दीले काय पाहाचं वं बाई? ते तं नाकालेच माहीत राह्यते." दुसरं म्हणजे, त्या दिवसांत नावं लिहून नेणारी नर्स म्हणजे कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनची यादी करणारी नर्स, असा सगळ्यांचा समज होता. मी वही उघडली की दारातली बाई आत जायची आणि आतून सांगायची, "घरी कोणी नाई." महिनाभरात माझ्या वहीत जेमतेम एक पान भरलं, त्यातही अर्ध्या नोंदी शाळेच्या मास्तरांनी स्वतःच्या घरच्या दिलेल्या.

मला वाट दाखवली ती चक्कीवाल्या मावशीने.

गावात पिठाची एकच चक्की होती, डिझेल इंजिनावर चालणारी. तिचा पुक-पुक आवाज वावरापर्यंत ऐकू यायचा. नवरा गेल्यावर मावशीने ती स्वतःच चालवायला घेतली होती. चाळिशीची, काटक बाई. भुवयांवर, कानांवर, पदरावर कायम पिठाची साय. तिला दिवसभर शिंका यायच्या. मी वही काढली तशी ती म्हणाली, "माह्या शिंका लिवू नको. त्या पिठाच्या हायेत. सर्दीची शिंक मले समजते, ते आतून येते."

"बाकीच्यांची समजते का?" मी विचारलं.

तिने डबा चक्कीच्या तोंडाशी उपडा केला आणि गंमत वाटावी तशी माझ्याकडे पाहिलं. "सारं गाव इथं येते. जे बाई दर मंगळवारी येते ते आली नाई, तं मी पोट्टीले विचारतो, माय काहून नाई आली वं? ते सांगते, मायले कसर हाय, नाक गळून राह्यलं. दुसऱ्या दिवशी तिच्या जावेच्या डोळ्याले पाणी. बस्स. तुले वेगळं फिराचं कामच काय?"

तेव्हापासून दुपारी बाळांची कामं आटोपली की मी चक्कीवर जाऊन बसू लागले. मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कोणाचं दळण कोणत्या वारी आलं आणि त्या दिवशी त्या बाईचा आवाज कसा होता, हे तिच्या डोक्यात पक्कं असायचं. ती सांगायची, मी लिहायची. बाजूला खाटेवर तिचे सासरे बसलेले असत. सारं गाव त्यांना बुढा म्हणे आणि त्यांनाही ते चाले. रेडिओवरचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम कानाला लावून ऐकायचा आणि त्यात सांगितलेलं सगळं चूक आहे असं म्हणायचं, हा त्यांचा दुपारचा उद्योग. हुरड्याच्या दिवसांत ते माझ्यासाठी भाजलेला हुरडा चोळून, फुंकून एका वाटीत काढून ठेवत. मी गेले की वाटी पुढे सरकवत आणि पुन्हा रेडिओ कानाला लावत.

त्या पहिल्या वर्षात मी गाव सर्दीच्या मागे मागे फिरून पाहिलं, असंच म्हणायला हवं. भुलाबाईच्या दिवसांत मुली संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणत. प्रत्येक घरी खिरापत ओळखायची, एकाच ताटातून खायची आणि पुढच्या घरी जायचं. त्या वर्षी त्या मुलींतल्या एकीला सर्दी होती. मावशीने बोटांवर मोजून दाखवलं की मुली ज्या ओळीने गेल्या, त्याच ओळीने सर्दीही गेली. शेवटच्या दोन घरी जायच्या आत अंधार पडला म्हणून मुली परतल्या होत्या आणि ती दोन घरं सुटली. मी ते लिहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कॉलेजात जे पुस्तकात वाचलं होतं, ते इथे झिपऱ्या आवरत, गाणी म्हणत चाललं होतं.

थंडी पडली तशी दुसरी वाट दिसली. गावातले काही तरुण हिंगण्याच्या कारखान्यांत लागले होते. कोणी मोटारसायकलवर डबलसीट जायचे, बाकीचे कंपनीच्या बसने. हिवाळ्यात पहिल्या पाळीच्या बसच्या खिडक्या गच्च बंद असत. मोटारसायकलवाल्यांपेक्षा बसवाल्यांच्या घरी सर्दी आधी पोचायची. मावशी तिला 'कंपनीची सर्दी' म्हणायची. तिच्या मते ती गावच्या सर्दीहून वेगळी होती: गावची नाकातून सुरू होते, कंपनीची घशातून. मी डॉक्टरांना हे भीत भीत सांगितलं. वाटलं, हसतील. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "हे तिच्याच शब्दांत लिहा. तुमच्या शब्दांत नको."

असं एक वर्ष गेलं. आता आईला लिहिलेली पत्रं मी फाडत नव्हते.

दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या भावाचं लग्न ठरलं. चार दिवसांची रजा घेऊन मी नागपूरला गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं. एका खोलीत आम्ही नऊ जणी झोपत होतो आणि माझ्या शेजारची मावसबहीण सारखी नाक पुसत होती. मला काय, आनंदच एवढा होता की मी तिच्याच ताटात जेवले. रविवारी संध्याकाळी परत निघाले तेव्हा घशात जरासं खवखवत होतं. वाटलं, लग्नात बोलून बोलून झालं असेल.

सोमवार बाळांच्या वजनाचा दिवस. सकाळी उठले तर डोकं जड, नाक चोंदलेलं. पण बाया मुलांना कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या, काही तर शेजारच्या पाड्यावरून चालत आलेल्या. मी एकेक बाळ झोळीत घालून काट्याला टांगलं, त्यांची नाकं-तोंडं पाहिली, गाल ओढले, लाड केले. दुपारी बुढ्यांच्या पायाची पट्टी बदलायला गेले. महिनाभरापूर्वी वावरात कापसाच्या पऱ्हाटीचं खुंट त्यांच्या पायात घुसलं होतं आणि जखम भरत नव्हती, म्हणून मी रोज जात असे. त्या दिवशी पट्टी बांधताना मला दोनदा शिंक आली. त्यांनी रेडिओ बाजूला ठेवला आणि म्हणाले, "लग्नाचं जेवण पचलं नाई वाट्टे."

गुरुवारपासून लहान मुलं किरकिरी झाली. शनिवारी त्यांच्या आया. रविवारी बुढ्यांना खोकला सुरू झाला आणि दोन दिवसांत तो छातीत उतरला. मी गेले तेव्हा ते उशाला गोधडी लावून बसले होते. आडवं होता येत नव्हतं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता. मी निरोप पाठवून डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी छातीला नळी लावली, इंजेक्शन दिलं आणि मला बाहेर नेऊन म्हणाले, "यांना नागपूरला न्यायला हवं. आजच."

एसटी सकाळी आणि संध्याकाळी अशी दोनदाच यायची; सकाळची गेलेली होती आणि संध्याकाळपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. दुपारच्या पाळीसाठी कंपनीची बस फाट्यावर येते आणि हिंगण्याहून पुढे नागपूरला गाडी मिळते, हे मावशीला आठवलं. गावातल्या चौघांनी बुढ्यांना खाटेसकट उचलून फाट्यावर नेलं. बसच्या ड्रायव्हरने एक शब्द न विचारता मागची सीट रिकामी करून दिली. मावशी त्यांना आपल्या खांद्याला टेकवून बसली. मी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. बस निघाली तेव्हा चक्की बंद होती. इंजिनाचा आवाज नसलेलं ते गाव मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्या संध्याकाळी मी वही काढली. सगळी घरं मला माहीत होती. मी लिहायला लागले आणि पहिलं नाव लिहिलं, पाटलांच्या गल्लीतल्या एका आठ महिन्यांच्या बाळाचं. त्याच्यापुढे वार लिहिला, गुरुवार. मग बाकीची. शेवटी बुढ्यांचं नाव. माझ्या हाताला कळत होतं की काय सुटतंय. पण मी वही मिटून कपाटात ठेवली.

चार दिवसांनी मावशी कपडे न्यायला गावात आली. बुढ्यांचा ताप उतरला होता, पण अजून धाप होती. ती दमलेली होती, डोळे आत गेलेले. पदरावर पीठ नसलेली मावशी मी कधी पाहिली नव्हती. मी चहा ठेवला. चहा पिता पिता ती म्हणाली, "वही भरली का वं?"

"भरली."

"वाच मंग."

मी कपाटातून वही काढली आणि वाचू लागले. बाळाचं नाव, त्याच्या आईचं, शेजारचं घर, एकेक करत बुढ्यांपर्यंत आले. ती मान डोलवत ऐकत होती. मी थांबले.

"एक घर राह्यलं," ती म्हणाली.

मी वही मिटू लागले.

"शुक्रवारी तिघी जणी किरकिरे पोट्टे घेऊन चक्कीवर आल्या होत्या. तिघींच्या पोट्ट्यायले तू सोमवारी काट्यावर टांगलं. पाड्यावरच्या दोघी बी त्याच सोमवारी इथून गेल्या, अन् पाड्यावर त्याच दोन घरी सर्दी हाय. बाकी पाडा चांगला. मी बसमधे बसल्या बसल्या सारं लावून पाह्यलं." तिने कप खाली ठेवला. "तू नागपूरहून आली तवा तुहं नाक बंद होतं. पहिलं घर तुहंच हाय ना वं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला रडू फुटलं. मी म्हणाले, "मावशी, मला माहीत होतं. मुद्दाम नाही लिहिलं."

"मले वाचता येत नाई म्हनून?"

"नाही. लाज वाटली म्हणून."

तिने पदराने तोंड पुसलं. मग वहीकडे बोट करून म्हणाली, "माहा बुढा त्याच्यात हाय. त्याच्या वरती खोटं नको लिवू. आता लिव."

मी लिहिलं. सगळ्यात वर जागा नव्हती, म्हणून समासात, आडवं: उपकेंद्र, नर्स, रविवार, नागपूरहून. तिने अक्षरांकडे पाहिलं, जणू मोजून घेतली, आणि कपड्यांची पिशवी उचलून एसटीसाठी निघाली. जाताना दारात थांबून म्हणाली, "स्टोव्हवर ओवा घालून पाणी घेत जाय. अजून घोगरीच हाय तू."

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. कोणाच्या घरी जाताना मी तोंडाला पातळ कापडाची घडी बांधू लागले. पोरं मागे लागायची, बाया पदरात तोंड लपवून हसायच्या. मी बांधतच राहिले. पुढे दरवर्षी, मला सर्दी असली की बाळांचं वजन आठवडाभर पुढे ढकलायचं, हा नियम मी स्वतःच घालून घेतला. दारावर खडूने लिहून ठेवायची: बाईला सर्दी आहे.

बुढे तीन आठवड्यांनी परत आले, हडकलेले, पण रेडिओ मागतच. दवाखान्यातल्या वरणाला मीठ नव्हतं, ही त्यांची मुख्य तक्रार. मी पट्टी बदलायला गेले आणि त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. सांगताना पुन्हा डोळे भरले.

"काहून रडून राह्यली वं पोरी?" ते म्हणाले. "सर्दी का कोणी हातानं देते? तुले देली त्या लग्नातल्या पोरीले विचारलं का तू, तिले कोणी देली ते?" आणि पाय पुढे करून म्हणाले, "बांध. घट्ट नको बांधू, मागल्या वेळेले रग लागली."

डॉक्टर त्यांना पाहायला आले तेव्हा वही घेऊन चक्कीवरच बसले. समासातली ओळ त्यांनी दोनदा वाचली. मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले, "एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला कोणीतरी सुरुवात लिहून दिली. नाहीतर सगळे मधूनच सांगतात."

तेव्हाच मावशीने त्यांना विचारलं, "डॉक्टरसाहेब, गोवर एकदा झाला का परत होत नाई. मंग सर्दी त्याच माणसाले परत काहून होते? ह्या बाईची वही पाहा, मागल्या साली जे घर होतं तेच औंदा हाय."

डॉक्टर खुशीत आले. सर्दी एक नाही, म्हणाले, पुष्कळ जातींचे विषाणू ती आणतात. त्यांतली एक जात अलीकडेच मोठ्या यंत्राखाली दिसली आहे, तिच्या भोवती गोल मुकुटासारखे काटे आहेत. मावशी म्हणाली, "म्हंजे नवरदेवच वाट्टे, बाशिंग बांधून." बुढे खोकत खोकत हसले. त्या जातीचं इंग्रजी नाव डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ते वहीच्या कव्हरवर लिहून ठेवलं आणि विसरले. म्हातारपणी एका वर्षी ते नाव घरोघरी पोचलं, तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते बुढ्यांचं हसणं.

मग डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, तुमच्या गावची ज्वारी आणि नदीपलीकडची ज्वारी, बी एकच ना?"

"बी एकच. पन पीठ वेगळं लागते हाताले. तिकडलं जरा चिकट. घरचंच बी पेरत राह्यले तं वीस-पंचवीस सालात फरक पडतेच."

"तसंच हे. माणसातून माणसात पेरत जातं. दरवेळी तिळाएवढा फरक. चार-पाच वर्षांनी परत येतं तेव्हा आपल्या शरीराला ते नीट ओळखू येत नाही. आणि काही वेळा शरीरच विसरून जातं."

मावशीने दोन बोटांत पीठ चोळून पाहिलं आणि मान डोलावली. तिला पटलं होतं. मला मात्र ते नीट समजायला बरीच वर्षं लागली.

त्या गावात मी आठ वर्षं राहिले. पाच वह्या भरल्या. डॉक्टर निवृत्त होताना त्या घेऊन गेले. त्यांना काहीतरी लिहायचं होतं. ते लिहून झालं नाही. नमुने तपासायची सोय नाही, नुसत्या एका चक्कीवालीच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार, असं ते एकदा पत्रात म्हणाले होते. मग ते गेले आणि वह्यांचं काय झालं ते त्यांच्या घरच्यांनाही सांगता आलं नाही.

माझं लग्न झालं आणि ऐंशीनंतर आम्ही कोराडीला राहायला आलो. यजमान वीज केंद्रात होते, मी जवळच्या दवाखान्यात. कॉलनीत सगळेच खोकायचे. वीज केंद्राची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची, तशी घशातही बसायची. सर्दी कोणती आणि राख कोणती, हे मला ओळखता येईना आणि विचारायला कोणी नव्हतं.

एका नवरात्रात मावशी कोराडीच्या देवीला आली आणि पत्ता शोधत घरी आली. केस पांढरे झाले होते. मला क्षणभर वाटलं, पीठच आहे. बुढे दोन वर्षांपूर्वी गेल्याचं तिने सांगितलं. दुपारी जेवून झोपले, उठले नाहीत, रेडिओ चालूच होता. गावात वीज आली होती, चक्की मोटरवर होती, आवाज तेवढा येत नाही म्हणून बायांना ती चालू आहे की बंद ते कळत नाही, ही तिची नवी अडचण. दोन दिवस राहिली. दोरीवरचे कपडे राखेने मळले म्हणून आम्ही दोघींनी ते पुन्हा धुतले, आणि धुता धुता तिने मला गावातल्या एकेका घराची खबर दिली, माहेरी आलेल्या लेकीला द्यावी तशी.

पुढच्या दिवाळीनंतर मी चार वर्षांच्या मुलीला घेऊन गावी गेले. आठ दिवस राहिलो. मुलगी दिवसभर चक्कीवर, पिठाने पांढरी. परत आली ती 'मले' आणि 'तुले' म्हणतच. तिच्या बाबांनी दोन-तीनदा सुधारून पाहिलं, मग सोडून दिलं.